अक्षतांआधीची पंगत

"येतायत. अजून थोडा वेळ," अप्पा दारातूनच म्हणाले आणि माझ्याकडे न बघता परत फिरले.

मी शिरटगावच्या हायस्कुलात सातवीच्या वर्गात बसले होते. मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून नवरीकडच्या मंडळींना उतरायला हा वर्ग दिला होता. बाकं भिंतीला सरकवून मधे सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर मी. अंगावर अंजिरी शालू, कपाळाला मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, कारण अक्षता पडेपर्यंत नवरीनं खायचं नसतं. मुहूर्त बाराचा होता. बारा कधीच वाजून गेले होते, आणि अप्पांचं हे 'अजून थोडा वेळ' मी तिसऱ्यांदा ऐकत होते.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होत आली. अप्पा, म्हणजे माझे वडील निवृत्ती ढवळे, तेव्हा एसटीत कंडक्टर होते. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. माझं लग्न ठरलं ते शिरटगावच्या आबासाहेब निकमांच्या मुलाशी, सुधाकरशी. आबासाहेब म्हणजे तालुक्यातलं मोठं नाव. बाजार समिती त्यांच्या हातात, आणि पुढच्या निवडणुकीत आमदारकीचं तिकीट मिळवायचं चाललेलं. मुलगा इंजिनिअर. आमच्या खैरवाडीत लोकांना नवल वाटलं की कंडक्टरच्या घरात हे स्थळ आलंच कसं. सुधाकरनं मला कॉलेजच्या गॅदरिंगला पाहिलं होतं आणि घरी हट्ट धरला होता, एवढंच त्याचं कारण. खोटं कशाला बोलू, तोही मला आवडला होता. उंच, हसरा, हळू बोलणारा. साखरपुड्यात माझ्या बोटात अंगठी घालताना त्यानं बोट क्षणभर जास्तच धरून ठेवलं होतं आणि मी ते रात्रभर आठवत पडले होते.

बैठकीत त्यांनी सांगितलं, लग्न आमच्या दारात आणि जेवणाचा खर्च तुमचा. अप्पांनी मान हलवली. त्यांनी सांगितलं, मंडळींना सकाळी लवकर घेऊन या, मांडव भरलेला दिसला पाहिजे. अप्पांनी तेही मान्य केलं. म्हणून आमचा अख्खा गाव दोन ट्रकांत बसून उजाडायच्या आत निघाला होता. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या, सगळे. आचारीही आमचाच, दगडू आचारी. तो आदल्या दिवसापासूनच अप्पांबरोबर इथं येऊन शाळेच्या पटांगणाच्या कडेला, कनातीआड चुली मांडून बसला होता.

अप्पांना मी असं मान हलवताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांची एक गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. एकदा तालुक्याच्या स्टँडवर कोणा पुढाऱ्याच्या मेव्हण्यानं समोरच्या हॉटेलातून निरोप पाठवला की मी चहा घेतोय, गाडी धरून ठेवा. अप्पांनी घंटी मारली आणि गाडी निघाली. नंतर कोणी विचारलं की ते म्हणत, गाडीत बाजाराला निघालेल्या बाया होत्या, त्यांना एका माणसाच्या चहासाठी उन्हात कशाला बसवू. त्यात आपण काही पराक्रम केला असं त्यांना वाटायचं नाही. तेच अप्पा त्या दिवशी डोक्याला भगवा फेटा बांधून आबासाहेबांच्या दारी खेटे घालत होते आणि परत येऊन तोंड लपवत होते.

तिसऱ्या खेपेनंतर माझी आत्या उठली. गजराआत्या अप्पांपेक्षा मोठी. नवरा लवकर गेला, शेती एकटीनं केली, आणि बोलायला कोणाच्या बापाला घाबरत नसे. ती म्हणाली, "मी जाऊन बघते. बाईमाणसाला घरात शिरायला कोणी अडवत नाही."

ती गेली आणि आई मला पदरानं वारा घालत बसली. मुंडावळ्यांची टोकं घामानं गालाला चिकटत होती. खिडकीतून पटांगणातला मांडव दिसत होता. आमच्या गावचे म्हातारे तुकाराममामा खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. त्यांना उन्हाचा त्रास होता, आणि त्यांच्या सुनेनं ओला पंचा त्यांच्या डोक्यावर ठेवला होता. लहान पोरं स्वयंपाकाच्या कनातीपाशी जाऊन उभी राहायची, आतून बुंदीचा वास यायचा आणि कोणीतरी त्यांना हाकलून परत पाठवायचं. एक पोरगं रडून रडून झोपलं होतं. दूर लिंबाखाली बँडवाले पत्ते कुटत होते. त्यांना कसलीच घाई दिसत नव्हती, आणि ते बघून मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं, पण काय ते धड कळलं नाही.

आत्या परत आली ती सरळ माझ्यासमोर बसली. आधी तांब्याभर पाणी प्यायली.

"निवृत्तीला ओसरीवर बसवून ठेवलंय," ती म्हणाली. "आबासाहेब झोपलेत म्हणे. उठले की बोलतील."

"झोपलेत?" आई म्हणाली.

"जेवून झोपलेत. मी परसात गेले होते. उष्ट्या पत्रावळींचा ढीग पडलाय तिथं. सगळं घर जेवलंय वहिनी, पाव्हण्यारावळ्यांसकट."

आईचा हात थांबला. मी विचारलं, "आणि नवरदेव?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिला ते सांगायचं नव्हतं, पण लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. "माडीवर मित्रांबरोबर बसलाय. पंखा चालू आहे. हसण्याचे आवाज येत होते." मग तिनं खिडकीकडे बोट केलं. "तू त्या मांडवात एकदा नीट नजर फिरव. त्यांचं माणूस कोण दिसतंय का बघ."

मी पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक चेहरा माझ्या ओळखीचा होता. सगळा मांडव खैरवाडीचा होता. निकमांकडचं एक माणूस, एक बाई, एक पोर त्यात नव्हतं. अंतरपाट धरणारे नव्हते. भटजीसुद्धा नव्हते. ज्या मुहूर्ताला आम्ही पहाटे अंधारात ट्रकांत चढून आलो होतो, त्या मुहूर्तावर लग्न होणार नाही हे शिरटगावात सगळ्यांना माहीत होतं. बँडवाल्यांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हाला.

मी उठले. आईनं माझं मनगट धरलं. काही बोलू नकोस, ती म्हणाली, तुला इथंच नांदायचंय. आजचा दिवस कसाही निभावला की झालं. तिचं चुकत नव्हतं. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी काय काय ऐकून घेतलं होतं ते तिनं मला कधीतरी सांगितलं होतं, आणि तिला वाटत होतं की हे सगळ्यांचंच असतं. पण तिचं 'नांदायचंय' हे एकच माझ्या कानात अडकलं. म्हणजे हा काही एका दिवसाचा प्रश्न नव्हता तर.

मी तिचा हात सोडवला आणि वर्गाबाहेर आले.

नवरीनं मांडवातून एकटीनं चालत जायचं नसतं. मामा हात धरून आणतात, करवली मागं असते. मी शालूच्या निऱ्या एका हातानं धरून मधूनच चालले. माणसं बसल्या जागी वळून बघायला लागली. कोणीतरी उठून उभं राहिलं. मी कनात बाजूला करून आत गेले. दगडू आचारी झारा हातात धरून घाम पुसत बसला होता. मला बघून तो धडपडून उठला.

"काका, पानं मांडा," मी म्हणाले. "पंगत बसवायची."

त्याला आधी ते कळलंच नाही. मग म्हणाला, "पोरी, अक्षता कुठं पडल्यात अजून? अक्षतांआधी पंगत बसत नाही गं."

"भात कसा आहे?"

"भाताचं काय विचारतेस, गोळा व्हायला लागलाय."

"मग मांडा पानं. हे जेवण माझ्या वडिलांचं आहे आणि बाहेर बसलेली माणसंही त्यांचीच आहेत."

तेवढ्यात अप्पा फाटकातून आत आले. ओसरीवर बराच वेळ बसवून शेवटी त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंत दम धरा. फेटा सैल होऊन एका बाजूला कलला होता. मांडवातली बरीच माणसं उभी, आणि नवरी कनातीपाशी आचाऱ्यासमोर, हे बघून ते जागीच थांबले. दगडूकाकानं त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मी म्हणाले, "अप्पा, आपल्या माणसांना जेवायला वाढायचं का?"

त्यांनी मांडवाकडे बघितलं, तुकाराममामांच्या डोक्यावरच्या ओल्या पंचाकडे बघितलं, झोपलेल्या पोराकडे बघितलं. मला वाटलं ते आता मला आत जायला सांगतील, आणि त्यांनी तसं सांगितलं असतं तर मी गेलेही असते. ते मी आजही कबूल करते. पण ते दगडूकाकाकडे वळले.

"एका पंगतीला किती बसतील?"

"दीडशे बसतील."

"बसवा," अप्पा म्हणाले.

आमच्यातलेच एक-दोन जुने लोक पुढं आले. हे बरं दिसत नाही, अपशकुन होईल, असं हळू आवाजात सांगायला लागले. तेव्हा तुकाराममामा खांबाचा आधार घेत उठले, मांडवाच्या मधोमध जाऊन मातीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "माझ्यापुढं पान टाका. अपशकुन व्हायचा तो मला होऊ दे." मग त्यांच्या शेजारी कोणी बसलं, त्याच्या शेजारी कोणी. ओळ धरली गेली. पत्रावळी पडल्या, मीठ आलं, बुंदी आली, वांग्याची भाजी आली. ताटकळलेल्या माणसांच्या पंगतीत आधी कोणी बोलत नाही. नुसता जेवणाचा आवाज येत होता.

ही बातमी निकमांच्या वाड्यावर पोचायला किती वेळ लागला असेल? अप्पांनी इतक्या खेपा घालूनही जी माणसं उंबऱ्याबाहेर आली नव्हती, ती आमची आमटी वाढून व्हायच्या आत फाटकात हजर झाली. पुढं आबासाहेब, सिल्कचा सदरा, डोळे झोपेनं तांबारलेले. मागं आठ-दहा माणसं, त्यात भटजी. आणि सगळ्यांच्या मागं सुधाकर, बाशिंग न बांधलेला, घरातल्या कपड्यांत.

आबासाहेब आवाज चढवणारे नव्हते. पंगतीच्या कडेला उभे राहून ते शांतपणे म्हणाले, "ढवळे, हे काय चाललंय?"

"जेवणं चाललीयत," अप्पा म्हणाले.

"अक्षतांच्या आधी?"

"अक्षतांचा मुहूर्त बाराला होता. आम्ही आलो होतो बाराला."

"तुम्हाला दम धरायला सांगितलं होतं. मुंबईहून साहेब यायचेत. ते आल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत, एवढं तुम्हाला समजायला हवं होतं."

"साहेब आल्यावर अक्षता पडू देत," अप्पा म्हणाले. "माणसं तोवर जेवून घेतील. त्यात काय बिघडलं?"

तेव्हा आबासाहेबांच्या तोंडून ते निघून गेलं. कदाचित झोपमोड झाली होती म्हणून असेल, एरवी ते असं बोलले नसते. ते म्हणाले, "जेवल्यावर माणूस थांबतं होय? साहेबांना काय रिकामा मांडव दाखवू?"

पंगतीत पुढच्या ओळीत बसलेल्या एका बाईचा हात घास घेता घेता पानावरच थांबला. मागच्या ओळीतल्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाले, आणि पुढच्यांनी मागं सांगितलं. ते वाक्य मांडवाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलेलं मला दिसत होतं. म्हणजे आम्हाला पहाटेपासून उपाशी बसवलं होतं ते विसरून नव्हे, आणि हयगयीनंही नव्हे. उपाशी होतो म्हणून आम्ही जाणार नव्हतो. मोकळ्या पटांगणात माणसं दिसायला हवी होती, ती माणसं आम्ही होतो.

आबासाहेबांना आपण काय बोललो ते कळलं असावं. ते अप्पांना बाजूला घेऊन काही सांगायला लागले. सुधाकर माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आत चल. मला बोलायचंय."

आम्ही वर्गात गेलो. आत्या दाराशी उभी राहिली. ती तिथून हलणार नाही हे सुधाकरला कळलं, तेव्हा तो भिंतीजवळच्या बाकावर टेकला. मी उभीच होते. इतक्या जवळून आम्ही साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच बोलत होतो.

तो म्हणाला की मला समजतंय तुला राग आलाय. वडिलांचा स्वभाव तसा आहे, पण मनात काही नसतं. साहेबांच्या येण्यावर त्यांचं तिकीट अवलंबून आहे. एक दिवस जरा सांभाळून घ्यायला हवं. तो समजुतीनं बोलत होता, आणि तसा आवाज असला की आपलंच काही चुकलंय असं वाटायला लागतं. मला तसं वाटायलाही लागलं होतं.

मी विचारलं, "साहेब संध्याकाळी येणार हे कधी कळलं?"

"काल रात्री फोन आला."

"काल रात्री?"

"हो. भटजींना लगेच सांगितलं, त्यांनी गोरज मुहूर्त काढून दिला. सगळं बघूनच ठरवलंय."

"मग आम्हाला का कळवलं नाही? काल अप्पा आणि दगडूकाका इथंच होते, रात्री शाळेत झोपले होते. एक माणूस पाठवायचा होता. आम्ही दुपारी निघालो असतो. म्हाताऱ्या माणसांना ऊन लागलं नसतं."

त्यानं जरा विचार केला. हे आपल्या मनातच कसं आलं नाही याचं त्याला खरंच नवल वाटत असावं. मग तो म्हणाला, "तुम्ही काय, येणारच होतात ना. आणि आल्यावर तुम्हाला कुठं जायचं होतं?"

तो हे चिडून बोलला नाही. अगदी साधेपणानं बोलला, म्हणूनच ते मला लागलं. त्याच्या डोळ्यांत वाईटपणा शोधला असता तरी सापडला नसता. भटजींना कळवायला हवं हे त्याला सुचलं होतं, बँडवाल्यांना कळवायला हवं हे सुचलं होतं, कारण त्यांना दुसरी कामं असतात. आम्हाला काम काय? आम्ही मुलीकडचे. आम्ही थांबणार.

मी विचारलं, "तुम्ही जेवलात?"

तो ओशाळला. "मित्रांनी आग्रह केला म्हणून थोडंसं."

मी त्याच्या समोर गेले. मला आजही बरं वाटतं की मी त्याला एक संधी दिली, आणि ती मनापासून दिली. मी म्हणाले, "बाहेर भटजी आहेत, अक्षता आहेत, तुमचे वडील आहेत, माझे आईवडील आहेत. जेवणारी माणसं हात धुऊन येतील. चला, आत्ता उभे राहू. साहेब आले की त्यांचे आशीर्वाद घेऊ, मी स्वतः त्यांच्या पाया पडेन. पण लग्न आत्ता."

"आत्ता?"

"आत्ता."

त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. आबासाहेब पाठमोरे उभे होते. तो त्यांच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तो माझ्याकडे वळायच्या आधीच मला उत्तर कळलं होतं.

"थोडं थांब ना," तो म्हणाला. "मी त्यांची समजूत घालतो. संध्याकाळपर्यंत तर थांबायचंय. एवढं काय त्यात?"

मी कपाळाच्या मुंडावळ्या सोडायला घेतल्या. गाठ घामानं घट्ट बसली होती, आत्यानं पुढं येऊन ती सोडवली. मग बोटातली अंगठी काढून मी त्याच्या शेजारी बाकावर ठेवली. त्याला वाटलं मी रागाच्या भरात करतेय. तो उठून म्हणाला की असं काय करतेस, लोक काय म्हणतील, तुझं पुढं काय होईल. मी त्याला म्हणाले, "आज तुम्ही संध्याकाळपर्यंत म्हणताय. पण मला दिसतंय ते संध्याकाळपर्यंतचं नाही. तुमच्या घरात मी जन्मभर अशीच बसून राहीन, कोणीतरी येईपर्यंत, कोणीतरी उठेपर्यंत. आणि मला कळवायचं कोणाला सुचणारही नाही."

तो बाकापाशीच उभा राहिला. मला वाटतं त्याला ते पटलं होतं. पण त्याच्या पायांना ते पटलं नव्हतं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. आबासाहेब अप्पांना म्हणाले की या मुलीला आता तालुक्यात कोणी दारात उभं करणार नाही, आणि पुढची काही वर्षं ते खरं ठरलं. स्थळं यायची आणि शिरटगावचं नाव निघालं की परत जायची. आई रडायची. मी बी.एड. केलं आणि शाळेत लागले. तिशी ओलांडल्यावर एक स्थळ आलं, साताऱ्याला छापखान्यात काम करणारे. ते ठरल्या वेळेच्या आधी आमच्या गल्लीत पोचले होते आणि घरात गडबड नको म्हणून उन्हात पानाच्या टपरीपाशी उभे राहिले होते. आत्यानं ते खिडकीतून पाहिलं आणि आईला म्हणाली, यांना होय म्हणून टाका. सुधाकरचं पुढं मोठ्या घरी लग्न झालं. आबासाहेबांना तिकीट मिळालं की नाही ते तुम्हाला सांगितलं असतं, पण त्यानं या गोष्टीत काही फरक पडत नाही.

मला आठवतं ते त्या दिवसाचं शेवटचं.

मी वर्गाबाहेर आले आणि अप्पांना म्हणाले, "लग्न होत नाही." त्यांनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली. निकमांची माणसं निघून गेली. पण दिवस कलता कलता, ठरल्यापेक्षा लवकरच, साहेबांच्या गाड्या आल्या. ते वाटेत होते, त्यांना लग्न मोडल्याचं कळलंच नव्हतं. तेव्हा आमची शेवटची पंगत बसली होती. वाढपी, ट्रकचे ड्रायव्हर आणि आम्ही घरचे. मांडवात खरकटं पडलं होतं म्हणून ही पानं फाटकाच्या वाटेवरच मांडली होती, त्यामुळं गाड्या फाटकाबाहेरच थांबल्या. हॉर्न वाजायला लागले. आबासाहेबांचा एक माणूस धावत आला आणि अप्पांना म्हणाला, "पंगत उठवा लवकर. साहेब खोळंबलेत."

मी सकाळपासून पहिल्यांदा जेवायला बसले होते. शालूचा पदर कमरेला खोचलेला, हातात बुंदीचा घास. बाकीच्यांचेही हात थांबले. सगळे अप्पांकडे बघायला लागले.

अप्पांनी फेटा काढून खांद्यावर टाकला होता. ते पंगतीच्या पहिल्या पानापाशी गेले, दोन्ही हात जोडले आणि यजमानानं म्हणायचं असतं ते मोकळ्या आवाजात म्हणाले, "सावकाश होऊ द्या, मंडळी."

मग पुढच्या पानापाशी गेले. "सावकाश होऊ द्या."

फाटकाबाहेर हॉर्न वाजत होता. अप्पा प्रत्येक पानापाशी थांबत, वाकून तेच म्हणत, ओळीनं पुढं येत होते. माझ्या पानापाशी आले तेव्हा त्यांनी दगडूकाकाच्या हातातली परात घेतली आणि स्वतःच्या हातानं मला बुंदी वाढली. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या पानावर बसले.

"सावकाश होऊ दे, पोरी," ते म्हणाले.

मी घास घेतला आणि सावकाश चावायला लागले.